जुनी गाडी मोडीत काढून नवी घ्यायची आहे? ग्वाल्हेरकरांसाठी पहिल्या कागदापासून

"जुनी गाडी दिली की सरकार पैसे देतं म्हणे, अर्ज कुठे करायचा?" ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरांत हा प्रश्न हल्ली वरचेवर निघतो. दौलतगंज, जनकगंजच्या वाड्यांच्या गल्ल्यांत ताडपत्रीखाली झाकलेली एखादी मारुती 800 किंवा आठ-दहा किलोमीटरचंही ॲव्हरेज न देणारी जुनी जीप अजून दिसते. तिचं काय करावं हे घरात कोणालाच नीट ठाऊक नसतं, आणि मग एखाद्या दिवशी दारावर आलेला कबाडी ती उचलून नेतो. तिथेच सवलतही जाते आणि डोक्याला ताप मात्र राहतो. म्हणून ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी अगदी सुरुवातीपासून लिहितो आहे.

सरकार नेमकं काय देतं

आधी एक गैरसमज काढून टाका. सरकार तुमच्या हातात रोख रक्कम देत नाही. अमेरिकेत 2009 मध्ये जास्त तेल पिणाऱ्या गाड्या जमा करून घेऊन नव्या गाडीवर साडेतीन ते साडेचार हजार डॉलरची सूट दिली होती, आणि त्यासाठी जुनी गाडी किती मायलेज देते हे बघत. आपल्याकडे मायलेज कोणी विचारत नाही. इथे पाहतात ते गाडीचं वय, तिची फिटनेस आणि ती कोणत्या बीएस मानकाची (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या मर्यादेची पायरी) आहे.

आपलं वाहन भंगार धोरण 13 ऑगस्ट 2021 रोजी गांधीनगरच्या परिषदेत पंतप्रधानांनी सुरू केलं. त्यातून गाडीमालकाला चार गोष्टी मिळू शकतात. पहिली, जुन्या गाडीची भंगार किंमत, जी स्क्रॅप सेंटर देतं. दुसरी, नव्या गाडीच्या मोटार वाहन करात सूट: केंद्राच्या नियमात ती खासगी गाडीला 25 टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक गाडीला 15 टक्क्यांपर्यंत आहे. तिसरी, नव्या गाडीची नोंदणी फी माफ. ही ऐकायला मोठी वाटते, पण कारची नोंदणी फीच 600 रुपये आणि दुचाकीची 300, तेव्हा तिच्यावर हिशोब बांधू नका. चौथी, गाडी बनवणाऱ्या कंपनीची सूट, जी पूर्णपणे कंपनीच्या मर्जीवर आहे. ऑगस्ट 2024 मध्ये बऱ्याच कार कंपन्यांनी शोरूम किमतीच्या दीड टक्का किंवा 20,000 रुपये, यांतलं जे कमी असेल ते द्यायचं कबूल केलं होतं, पण ते एका वर्षापुरतं होतं. आज शोरूममध्ये काय चालू आहे ते विचारूनच घ्या.

मध्य प्रदेशात राहणाऱ्यांसाठी यातली दुसरी गोष्ट सर्वांत मोलाची आहे. 2025 मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं बीएस-1 व त्याआधीच्या आणि बीएस-2 गाड्या मान्यताप्राप्त केंद्रात मोडीत काढल्या तर नव्या गाडीच्या करात 50 टक्के सूट द्यायचा निर्णय घेतला. म्हणजे जितकी गाडी जुनी तितकी सूट मोठी.

या सगळ्याची किल्ली एकच कागद आहे: सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, आपण त्याला जमा प्रमाणपत्र म्हणू. नोंदणीकृत स्क्रॅप सेंटरनं गाडी ताब्यात घेतली की ते ऑनलाइन निघतं. ते नसेल तर वरच्यापैकी करसूटही नाही आणि फीमाफीही नाही, गाडी कितीही जुनी असो.

गाडी कोणत्या बीएसची आहे ते पाहा

मोबाइलवर एमपरिवहन ॲप उघडून गाडीचा नंबर टाका, किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर वाहनाची माहिती काढा. तिथे नोंदणीची तारीख, नोंदणी कधीपर्यंत वैध आहे, विमा, कर्जाचा बोजा आणि बहुतेक गाड्यांच्या बाबतीत बीएस मानकही दिसतं. मानकाची जागा रिकामी असेल तर तारखेवरून अंदाज येतो. देशभर बीएस-2 लागू झालं एप्रिल 2005 पासून, बीएस-3 एप्रिल 2010 पासून, बीएस-4 एप्रिल 2017 पासून आणि बीएस-6 एप्रिल 2020 पासून. मोठ्या शहरांत मात्र प्रत्येक पायरी आधी चढली गेली. आग्र्यात आणि दिल्लीत बीएस-3 एप्रिल 2005 मध्येच आलं. त्यामुळे 2007 साली ग्वाल्हेरलाच घेतलेली गाडी बीएस-2 असण्याची शक्यता चांगली, पण त्याच साली दिल्लीत घेऊन पुढे इथे विकलेली गाडी बीएस-3 निघेल. आपल्याकडे दिल्लीच्या सेकंडहँड गाड्या पुष्कळ आहेत. तेव्हा 50 टक्के धरून चालण्याआधी मानक परिवहन कार्यालयातून पक्कं करून घ्या.

आणखी एक. 10 वर्षांवरचं डिझेल आणि 15 वर्षांवरचं पेट्रोल यांवरच्या बंदीच्या बातम्या वाचून कित्येक जण घाबरून गाडी फुंकून टाकतात. ती बंदी दिल्ली-एनसीआरची, म्हणजे दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागाची आहे आणि ग्वाल्हेर एनसीआरमध्ये येत नाही. इथे 15 वर्षं झालेली खासगी गाडी तपासणीत पास झाली तर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. त्यासाठी फॉर्म 25 भरायचा असतो. फक्त ते आता स्वस्त राहिलेलं नाही: एप्रिल 2022 पासून कारच्या नूतनीकरणाची फी 600 वरून 5,000 रुपये झाली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या कारसाठी ती 10,000 केली गेली. दुचाकीला हेच आकडे 1,000 आणि 2,000 आहेत. मुदत उलटून गेली असेल तर कारला दर महिन्याला 500 रुपये आणि दुचाकीला 300 रुपये दंड वेगळा.

मोडीत काढायची, विकायची की ठेवायची

हा निर्णय भावनेवर सोडू नका, कागदावर मांडा. समजा जुनी गाडी लिटरला 11 किलोमीटर देते आणि नवी 19 देईल. वर्षाला 10,000 किलोमीटर धावत असेल तर जुनीला 909 लिटर पेट्रोल लागेल आणि नवीला 526. फरक 383 लिटरचा, 105 रुपये भावानं वर्षाला सुमारे 40,000 रुपये. रोज मुरारहून मालनपूरला कामावर जाणाऱ्यानं हा आकडा गंभीरपणे घ्यावा. पण तीच गाडी फक्त रविवारी अचलेश्वराला आणि लग्नकार्याला निघत असेल, वर्षाला जेमतेम 2,500 किलोमीटर, तर बचत दहा हजारांच्या आसपास येते. तेवढ्यासाठी सहा-सात लाखांचं कर्ज काढणं मला मुळीच पटत नाही. करात सूट मिळते म्हणून नवी गाडी घ्यायची नसते. नवी घ्यायचं आधीच ठरलं असेल तर ती सूट हातची जाऊ देऊ नये, इतकंच.

भंगार किंमत मुख्यतः वजनावर ठरते. मारुती 800 साधारण साडेसहाशे किलोची. किलोला 25 रुपये भाव धरला तर सोळा हजारांच्या घरात. गाडी चालती असेल, नोंदणी शिल्लक असेल, तर बाजारात तिला यापेक्षा जास्त मिळू शकतात. मग तुलना अशी करा: एका बाजूला बाजारभाव किंवा शोरूमची एक्स्चेंज किंमत व बोनस, दुसऱ्या बाजूला भंगार किंमत, करातली सूट आणि कंपनीची सूट यांची बेरीज. शोरूमवाले एक्स्चेंज बोनसला बोलताना "सरकारी स्कीम" म्हणून टाकतात. तो सरकारी नाही. एक्स्चेंजमध्ये दिलेली गाडी शोरूम पुढे दुसऱ्याला विकतं, मोडीत काढत नाही, म्हणून तिच्यावर जमा प्रमाणपत्र मिळत नाही. आणि एक्स्चेंजची सूट व स्क्रॅपची सूट या दोन्ही एकाच गाडीवर कंपन्या देत नाहीत.

कागदांतले अडथळे आधी दूर करा

सगळ्यांत जास्त वेळ इथेच जातो, म्हणून स्क्रॅप सेंटरला फोन करण्याआधी हे उरकून घ्या.

बोजा. कर्ज फेडून दहा वर्षं झाली तरी आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचं नाव तसंच असतं, कारण फेडल्यावर परिवहन कार्यालयात जायचं कोणाच्या लक्षात येत नाही. बँकेकडून ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म 35 घ्या आणि बोजा उतरवून घ्या. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर नव्या बँकेच्या शाखेत जुना कर्ज खाते क्रमांक घेऊन जा. तो क्रमांक जुन्या पासबुकात किंवा हप्त्यांच्या तक्त्यावर सापडतो.

नाव. आपल्या घरांत ही अडचण फार. गाडी आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर, ते गेले, आणि गाडी घरातली म्हणून नाव बदलण्याचा विषयच निघाला नाही. स्क्रॅप सेंटर गाडी घेतं ती नोंदणीकृत मालकाकडून किंवा कायदेशीर वारसाकडून. त्यासाठी मृत्यू दाखला, वारसांची संमती आणि फॉर्म 31 लागतो. भाऊ-बहीण पुण्याला, इंदूरला, परदेशात असतील तर संमतीपत्रं मागवायला महिना सहज जातो. ते पहिल्यांदा हाती घ्या.

चलानं आणि थकबाकी. ई-चलानच्या संकेतस्थळावर नंबर टाकून पाहा. महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्यांनी एमएच नंबरची चलानंही बघावीत. द्रुतगती मार्गावरचं वेगाचं चलान इथे बसून विसरलेलं असतं. गाडीवर पोलीस केस किंवा चोरीची नोंद नाही ना, याची पडताळणी सेंटर स्वतः राष्ट्रीय नोंदींवरून करतं.

आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार देऊन फॉर्म 26 वर दुय्यम प्रत काढा. मोबाइल नंबर जुना असेल तर तोही अद्ययावत करा, कारण पुढचं सगळं ओटीपीवर चालतं.

या कामांसाठी दलालाची गरज पडत नाही. बहुतेक अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरता येतात.

केंद्र निवडणं आणि अर्ज

परिवहन पोर्टलवर व्हीस्क्रॅप नावाचा विभाग आहे. तिथे राज्य निवडलं की मान्यताप्राप्त केंद्रांची यादी येते. फलकावर "स्क्रॅप सेंटर" लिहिलेलं असलं म्हणजे केंद्र नोंदणीकृत झालं असं नाही. नाव या यादीत आहे की नाही तेच बघा. एकाच केंद्रावर थांबू नका. दोन-तीन ठिकाणी फोन करून गाडीचं मॉडेल, साल आणि अवस्था सांगा आणि भाव विचारा. बंद गाडी उचलून न्यायला टोइंग लागेल. ते पैसे कोण देणार हे भावासोबतच ठरवा, कारण दोन-तीन हजारांचा फरक तिथेच पडतो. गाडीतून बॅटरी, स्टेपनी किंवा सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आधीच कोणी काढला असेल तर भाव खाली येतो. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू असतात, आणि गॅरेजवाल्याला ते चांगलं माहीत असतं.

नियमाप्रमाणे गाडी कोणत्याही राज्यातल्या नोंदणीकृत केंद्रात देता येते. ग्वाल्हेरहून उत्तर प्रदेश जवळ, म्हणून तिकडच्या केंद्राचा भाव आकर्षक वाटू शकतो. पण करसूट मध्य प्रदेश सरकार देणार आहे, तेव्हा बाहेरच्या राज्यातलं प्रमाणपत्र तुमच्या प्रकरणात चालेल का, हे आधी परिवहन कार्यालयातून लेखी किंवा ई-मेलवर विचारून घ्या. राज्याच्या परिवहन आयुक्तांचं मुख्यालय ग्वाल्हेरलाच आहे, ही आपली सोय आहे. तिचा उपयोग करा.

अर्जात गाडीचा नंबर, चेसिस नंबर, मालकाचा आधार आणि बँक खातं लागतं. खातं गाडीमालकाच्याच नावाचं असावं. सोबत रद्द केलेला चेक ठेवा.

गाडी सोपवण्याचा दिवस

गाडीवर हात फिरवून निरोप घ्यायचा असतोच, तो घ्या. पण त्या गडबडीत कागद सुटू देऊ नका. आधी घरीच बॉनेट उघडून चेसिस नंबर वाचता येतो का पाहा. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत त्यावर तेल, धूळ आणि गंज यांचा थर जमतो. रॉकेलच्या बोळ्यानं पुसा, खरवडू मात्र नका. अंक खराब झाले तर छेडछाड केल्याचा संशय येतो. मग त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा. अंक एकेक करून कागदावर उमटतात, ते आरसीशी ताडून पाहा. सेंटरचा माणूसही हेच करतो. आरसीत एखादा अंक चुकला असेल तर तो इथे पकडला जातो आणि गाडी परत पाठवतात. घरी आधी कळलेलं बरं.

डॅशबोर्डच्या खणातले कागद, सीटखालची हत्यारं, काचेवरचा फास्टॅग काढून घ्या. सीएनजी किंवा एलपीजीचं किट असेल तर सेंटरला आधी सांगा. टाकी घरी रिकामी करण्याच्या भानगडीत पडू नका. गाडीचे चारही बाजूंनी आणि चेसिस नंबरचे फोटो काढा. मूळ आरसी आणि गाडी सोपवली की, जमा प्रमाणपत्र मिळेपर्यंत हाताशी राहील अशी पोच घेतल्याशिवाय निघू नका. पैसे खात्यात घ्या, रोख घेऊ नका.

यानंतर केंद्र गाडीतलं तेल, कूलंट, एसीचा वायू आणि बॅटरी वेगळी करतं, मगच पत्रा कापायला घेतात. चेसिस नंबरचा कापलेला तुकडा त्यांना सहा महिने जपून ठेवावा लागतो. काम पूर्ण झालं की गाडी मोडल्याचं दुसरं प्रमाणपत्र निघतं. तेही मागून घ्या.

आता कबाडीचं. तो दारात उभा राहून म्हणतो, "कागज़ बाद में देख लेंगे, बाबूजी," आणि हातावर बारा हजार ठेवतो. परिवहनच्या नोंदीत मात्र गाडी तुमच्याच नावावर जिवंत राहते. तिची नंबरप्लेट किंवा चेसिस दुसऱ्या गाडीला लागली आणि त्या गाडीनं अपघात केला, दारू वाहिली, तर पोलीस येतात ते आरसीवरच्या पत्त्यावर. वयस्कर माणसांना या वयात ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात. हे टाळण्यासारखं आहे, म्हणून कळकळीनं सांगतो: चार हजार कमी मिळाले तरी चालतील, पण जमा प्रमाणपत्र देणाऱ्या नोंदणीकृत केंद्राखेरीज कोणाच्याही हाती गाडी दारातून जाऊ देऊ नका.

नवी गाडी आणि मेळा

ग्वाल्हेरकर गाडी घ्यायची म्हटली की थंडीत भरणाऱ्या व्यापार मेळ्याकडे डोळे लावतात. 1905 पासूनच्या या मेळ्यात अलीकडच्या काही वर्षांत राज्य सरकारनं गाड्यांच्या करावर 50 टक्के सूट दिली आहे. तिचा आदेश दर वर्षी वेगळा निघतो, बहुतेकदा मेळा सुरू झाल्यावर, आणि गाडी मेळ्यातल्या विक्रेत्याकडून घेऊन ग्वाल्हेर परिवहन कार्यालयातच नोंदवावी लागते.

मग मेळ्याची वाट पाहायची का? माझं मत असं. जुनी गाडी बीएस-2 किंवा त्याआधीची असेल तर 50 टक्के तुम्हाला प्रमाणपत्रावर एरवीही मिळू शकतात. थंडीपर्यंत थांबून पेट्रोल जाळण्यात अर्थ नाही. जुनी गाडी बीएस-3 किंवा त्यापुढची असेल आणि नव्या गाडीचा कर समजा 64,000 रुपये येत असेल, तर 25 टक्क्यांनी 16,000 वाचतात आणि मेळ्यात 32,000. तिथे थांबणं फायद्याचं. दोन्ही सवलती एकावर एक मिळून कर शून्य होईल असं धरून बुकिंग करू नका. विक्रेत्याकडून कोटेशनवर कराची ओळ वेगळी लिहून घ्या: मूळ कर किती, कोणत्या आदेशानं किती सूट, आणि सूट नाकारली गेली तर बुकिंगची रक्कम परत मिळेल का.

प्रमाणपत्र वडिलांच्या नावावर आणि नवी गाडी मुलाच्या, असंही होतं. प्रमाणपत्र ऑनलाइन दुसऱ्याला देता किंवा विकता येतं, पण एकदा वापरलं की संपतं. हस्तांतर नव्या गाडीच्या नोंदणीआधीच व्हायला हवं. मेळ्यात फायदा घेतला आणि प्रमाणपत्र उरलं, तर तेही विकण्याचा मार्ग खुला आहे. त्यावर छापलेली मुदत पाहा.

विमा आणि उरलेली कामं

जुन्या गाडीचा विमा लगेच बंद करू नका. आधी कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्या. पाच वर्षं दावा केला नसेल तर हा बोनस 50 टक्क्यांपर्यंत जातो, आणि तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. नव्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियममध्ये (विम्याच्या हप्त्यातला आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग) तो वजा होतो. महागड्या गाडीला ही रक्कम भंगार किमतीच्या जवळ पोचते, तरी शोरूममध्ये कोणी स्वतःहून आठवण करून देत नाही. विमा संपून 90 दिवस उलटले तर बोनस बुडतो, म्हणून नुसत्या उभ्या गाडीचाही विमा तोवर चालू ठेवा.

पत्र हातात आलं की जमा प्रमाणपत्र जोडून विमा रद्द करा, उरलेल्या काळाचा परतावा मागा. फास्टॅग बँकेकडून बंद करून अनामत परत घ्या. साधारण आठवड्यानं एमपरिवहनवर जुना नंबर पुन्हा टाका. नोंदणी रद्द झालेली दिसली तर काम झालं. अजून "सक्रिय" दिसत असेल तर प्रमाणपत्राचा क्रमांक घालून सेंटरला आणि परिवहन कार्यालयाला ई-मेल करा, आणि उत्तर येईपर्यंत गाडीचे ते फोटो फोनमधून पुसू नका.